बिनतापाचे म्हातारे

आमच्या दवाखान्यात मिक्श्चरं पुष्कळ होती, पण त्यांचे रंग तीनच: तांबडा, पिवळा आणि मातकट. लोकांचा विश्वास तांबड्यावर. मातकट औषध कितीही गुणाचं असलं तरी ते मोरीत जायचं, आणि चार दिवसांनी रोगी परत येऊन तेच लालवालं द्या की म्हणून अडून बसायचा. मग मी त्याच मातकट औषधात थोडा रंग टाकून द्यायचो. रोगी बरा व्हायचा आणि मला सांगायचा की पहिल्यांदाच हे दिलं असतं तर चार दिवस वाचले असते.

मी सोलापुरात एका डॉक्टरांकडे बावीस वर्षं कंपौंडर होतो. हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, ती वाचून औषध मोजायचं, ढवळायचं, बाटलीत भरायचं, किती किती घ्यायचं त्याच्या खुणांची कागदी पट्टी बाटलीला चिकटवायची. मग ते कधी घ्यायचं हे रोग्याला, त्याच्या बायकोला आणि त्याच्या शेजाऱ्याला असं तीनदा सांगायचं. शिवाय जखमा धुणं, रोग्याच्या घरी जाऊन छातीला अळशीचं पोटीस, म्हणजे गरम लगद्याची पट्टी, बांधणं, आणि जे शब्द डॉक्टरांना ऐकवायची कुणाची छाती नसे ते सगळे त्यांच्या वतीने ऐकून घेणं. यातल्या शेवटच्या कामात मी फार तरबेज झालो होतो. उलट ऐकवण्यातही कमी नव्हतो. माझ्या तोंडाची पेठेत थोडी कीर्ती होती आणि मला तिचा अभिमान होता.

दवाखान्यातल्या गमती लिहा, असा आग्रह झाला म्हणून बसलो आहे. सगळ्यात गमतीचे रोगी म्हणजे पडसं झालेले म्हातारे.

याला कारण १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. ती आली तेव्हा मी या धंद्यात नवा होतो. त्या तापाने तरणीताठी माणसं उचलली. सकाळी मागावर बसलेला गडी तिसऱ्या दिवशी नसायचा. पण घराघरांतले बरेच म्हातारे मात्र खोकत खोकत मागे उरले. ते का उरले हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. म्हाताऱ्यांना मात्र ते लगेच समजलं. त्यांच्या मते हा जुन्या तुपाचा, जुन्या ज्वारीचा आणि जुन्या चालीरीतींचा प्रताप होता. पुढे आठ-दहा वर्षं सोलापुरातला प्रत्येक म्हातारा पडशाला हसत होता. मानमोडीनं हात लावला नाही, तिथं ही शिंक काय करणार, हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की चिठ्ठीवरचं औषध वाचावं तसं ते मला पाठ झालं होतं. ज्यांच्याकडून ऐकलं त्यांतले बरेच जण पुढच्या एखाद्या थंडीत साध्या पडशानेच गेले. त्यांच्या घरचे सांगत, वय झालं होतं. पडशाचं नाव कुणी घेत नसे. पडशाने मरणं घराण्याला शोभत नाही.

यांतले सर्वांत वरच्या दर्जाचे म्हणजे बसलिंगआप्पा. मंगळवार पेठेत त्यांचं घोंगड्यांचं दुकान. वय पंचाहत्तरीच्या आसपास, आवाज असा की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून यांच्या दुकानात शिरावं. घरात मुलगा मल्लप्पा, सून नीलव्वा आणि चार नातवंडं. आप्पांची बायको गंगव्वा बरीच वर्षं आधी वारलेली. आप्पा महिन्यातून एकदा जुलाबाचं औषध न्यायला यायचे आणि ते नेताना सगळ्या वैद्यकशास्त्राची यथेच्छ थट्टा करायचे. जन्मभर घोंगड्या विकणारा माणूस थंडीनं कसा मरेल, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. डॉक्टर सांगायचे की पडसं थंडीनं होत नाही, ते माणसाकडून माणसाकडं जातं. यावर आप्पा मला कानडीतून विचारायचे की तुझा डॉक्टर खरंच शिकलेला आहे ना.

एका वर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराच्या काठ्या, म्हणजे उंच नंदीध्वज, निघाल्या, तेव्हा आप्पा नेहमीप्रमाणे पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत चालले. तोवर गावात पडशाची लाट आली होती. जत्रेत लोक देवाला नारळ फोडत होते आणि एकमेकांच्या तोंडावर शिंकत होते. आप्पांच्या घरी चारही नातवंडं नाक पुसत होती. मल्लप्पा मुलांसाठी औषध न्यायला आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला बजावलं की आठ दिवस पोरांना आजोबांच्या अंथरुणात झोपू देऊ नका, त्यांचं भांडं वेगळं ठेवा. मल्लप्पानं मान हलवली. घरी जाऊन त्यानं हे वडिलांना सांगितलं. आप्पांनी चारही नातवंडांना बोलावून एकाच ताटात जेवायला बसवलं आणि स्वतः मधे बसले. आमच्या दवाखान्याला ते उत्तर होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मल्लप्पा परत आला. आप्पांनाही थोडा खोकला झालाय, ताप मुळीच नाही, जेवण नको म्हणतात, बाटली द्या. डॉक्टर बाहेर व्हिजिटला गेले होते. मी बाटली भरून दिली असती. पण मी ती भरत असताना मल्लप्पा हसून म्हणाला की म्हातारपणानं आप्पांचं डोकं जरा फिरलंय, सकाळपासून घरात मोठी करमणूक चाललीय. ही करमणूक आपणही बघावी, एवढ्याच हेतूनं मी बाटली घेऊन त्याच्याबरोबर गेलो. लोक म्हणतात मी कर्तव्यबुद्धीनं गेलो. लोकांचा गैरसमज दूर केलेला बरा.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. नातवंडं त्यांना काहीबाही विचारत होती आणि उत्तरं ऐकून लोळत होती. नीलव्वा तेवढी हसत नव्हती. तिनं मला बाजूला घेतलं.

"आप्पा सकाळपासनं मला गंगव्वा म्हनून हाक मारायलेत," ती म्हणाली. "भाकरी का टाकली न्हाईस म्हन्तेत. माझ्या लगनाआधीच सासूबाई गेल्या. हे चळ न्हवं कंपौंडर. काल रात्रीपतोर आप्पा दुकानाचा भाव चोख सांगत व्हते."

मी थर्मामीटर लावला. ताप खरंच नव्हता. आता हे कलम नीट वाचा, कारण माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत शिकण्यासारखं एवढंच होतं. तरुण माणसाच्या छातीत दुखणं शिरलं की अंग तव्यासारखं तापतं आणि सगळं घर धावतं. म्हाताऱ्याचं अंग कधी कधी तापतच नाही. त्याची तेवढी ताकद उरलेली नसते. तो बडबडतो, किंवा मोरीत पाय घसरून पडतो, किंवा नुसता जेवायचा थांबतो. घरचे कपाळाला हात लावून बघतात, थंडगार लागतं आणि ते निर्धास्त होतात. डॉक्टरांनी मला हे सांगून ठेवलं होतं आणि एक उपाय शिकवला होता: कपाळ सोड, श्वास मोज.

मी घड्याळ काढून आप्पांच्या पोटावर नजर ठेवली. मिनिटाला अडतीस श्वास. धडधाकट माणसाचे सोळा-अठरा असतात. नखं निळसर दिसत होती. मी मल्लप्पाला तसंच डॉक्टरांना शोधायला पिटाळलं. डॉक्टरांनी येऊन पाठीला नळी लावली आणि उजवं फुप्फुस खालून भरलंय म्हणून सांगितलं. न्युमोनिया. नातवंडांचं हसणं थांबलं. 

त्या काळी आमच्याजवळ काय होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. अळशीचं पोटीस, कफ सुटायचं मातकट मिक्श्चर, उशांना टेकवून बसवणं, गरम पाण्याची वाफ, आणि चमचा चमचा ब्रँडी. ब्रँडी म्हटल्यावर त्या सोवळ्या लिंगायत घरात पेच पडला. डॉक्टरांनी मला खूण केली. मी दवाखान्यात जाऊन तिच्यात तांबडा रंग टाकला आणि बाटलीवर पट्टी लावून आणली. तिला कुणी नाव विचारलं नाही.

यानंतर खरं संकट आलं. ते म्हणजे समाचाराला येणारी माणसं.

आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याला भेटून येणं हे पुण्य, आणि न जाणं हा अपमान. आप्पांचा गोतावळा मोठा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रीघ लागली. निम्मे लोक जत्रेतलं पडसं नाकात घेऊनच आलेले. एकेक जण आप्पांच्या उशाशी बसायचा, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओळखलं का विचारायचा, दोनदा खोकायचा आणि याच दुखण्यानं आपला कोण कोण गेला त्याची हकीकत सांगायचा. एका पाहुण्यानं तर शेवटच्या घरघरीचा आवाजही काढून दाखवला. मी पोटीस बांधत होतो. खोलीत मोजून चौदा माणसं होती आणि हवा यायला एक खिडकी, तीही कुणीतरी आप्पांना वारा लागू नये म्हणून लावून घेतलेली. प्लेगाच्या वेळी मेलेला उंदीर दिसला तर ही माणसं घर सोडून माळावर जात. एकमेकांची शिंक मात्र प्रसादासारखी घेत.

डॉक्टर आले, खोली रिकामी केली आणि मला दारात बसवलं. कुणालाही आत सोडायचं नाही. मी बसलो. या अधिकाराचा मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

पहिल्याच तासात रावसाहेब आले. पेन्शनीतले मामलेदार, आप्पांचे वीस वर्षांचे स्नेही, वय अडुसष्ट. हातात काठी, गळ्यात लोकरी गळपट्टा, नाक लालबुंद. त्यांची शिंक पेठेत प्रसिद्ध होती. आधी सरकारी हुकूम काढल्यासारखी लांब प्रस्तावना, मग स्फोट, आणि शेवटी दमलेला 'अहह'. तशा दोन शिंका त्यांनी माझ्यासमोरच दिल्या आणि आत जायला पाऊल उचललं. मी उंबऱ्यात आडवा झालो.

"रावसाहेब, आपल्याला पडसं आहे," मी म्हणालो. "आत सोडता येणार नाही."

"तू कोणाशी बोलतोयस हे तुला कळतंय का?"

"कळतंय. आपण मामलेदार होता. आत आप्पा मरणाच्या दारात आहेत, आणि आपली एक शिंक त्यांना पुरेशी आहे."

 ते काठी आपटून, पायरीवरच्या लोकांतून वाट काढत निघून गेले. तासाभरात पेठभर झालं की डॉक्टरांच्या कंपौंडरनं मामलेदारांना दारातून हाकललं. दुपारपर्यंत त्यात भर पडली. आप्पा आधीच गेलेत आणि दवाखान्याचे लोक ते लपवतायत, इथवर गोष्ट गेली. भावकीतले चार वडीलधारे मल्लप्पाला ओसरीवर घेरून बसले. उद्या तुझ्या घरच्या कार्याला कोण येतं ते बघू, असं त्यांचं म्हणणं. मल्लप्पा डळमळला. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की एकेकाला जरा दर्शनापुरतं सोडू या.

तेव्हा नीलव्वा बाहेर आली. तिनं सासऱ्यापुढे कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती.  आतून तिनं आप्पांचा जरीकाठी पटका आणला, ओसरीवर एक पाट मांडला, त्यावर पटका ठेवला, पुढं विभूतीची वाटी ठेवली आणि पदर सावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आप्पांचा मान हितं हाय. हितंच बसा, हितंच इचारा. कोन आलं, काय म्हनलं, ते समदं मी आत सांगते."

मला वाटलं आता भांडण पेटणार. तसं काही झालं नाही. पहिला म्हातारा पुढे झाला, विभूती लावली, पटक्याकडे बघून आप्पा काळजी करू नका म्हणाला, आणि समाधानानं सुंठीचा काढा पीत बसला. मग दुसरा. चार दिवस माणसं येत होती, पटक्याची विचारपूस करत होती, त्याला आपापल्या नातेवाइकांच्या मरणाच्या हकीकती सांगत होती. आपण येऊन गेल्याची नोंद झाली म्हणजे बहुतेकांचं काम होतं. आजारी माणसाची त्यासाठी गरज नसते हे मला त्या ओसरीवर कळलं. पटक्याला पडसं झालं नाही.

दुखणं कळल्यापासून आठव्या दिवशी आप्पांनी सुनेला नीलव्वा म्हणून हाक मारली आणि भाकरी मागितली. ती भिंतीकडे तोंड करून रडली, मग चुलीकडे गेली. अशी छाती भरलेले दहा म्हातारे मी पाहिले तर त्यांतले दोन-तीन उठत. आप्पा उठले. पोटीस, औषध, रंगवलेली ब्रँडी, बंद दार की जुनं तूप, कशानं उठले ते मला सांगता येणार नाही. आप्पांना सांगता येत होतं. पुढं कित्येक महिने ते दुकानाच्या पायरीवर सांगत होते की डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण घोंगडी कामाला आली.

दवाखान्यात मात्र त्या दिवसांत माझा भाव वधारला. मामलेदारांना अडवणारा माणूस म्हणून लोक मला बघायला यायचे. औषधाची बाटली भरता भरता मी ती हकीकत सांगायचो. सांगताना रावसाहेबांची चाल, काठीची आपट, आणि मुख्य म्हणजे ती शिंक करून दाखवायचो. दर खेपेला ती जास्त चांगली व्हायची. खोटं कशाला बोलू, मला ती फार छान जमत होती.

आप्पांनी भाकरी मागितली त्यानंतर तीन-चार दिवसांची दुपार. डॉक्टर अक्कलकोटला रोगी बघायला गेले होते. रावसाहेबांचा गडी सखाराम आला. सखाराम माळशिरसकडचा, धीम्या बोलण्याचा. तो म्हणाला, "सायबांनी तुमास्नी बोलावलंया. ताप न्हाई, पर खोकला लई हाय, आन बोलनंबी जरा येगळंच व्हायलंय."

मला वाटलं, घरी बोलावून माझी हजेरी घ्यायचा बेत आहे. मी बाकावरच्या रोग्यांकडे वळून म्हणालो की रावसाहेबांचं बोलणं सरळ कधी होतं. लोक हसले. सखाराम हसला नाही. मी पडशाची बाटली भरली, पट्टी चिकटवली, आणि सवड झाली की येतो असा निरोप दिला. सवड मला सगळी दुपार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखाराम पुन्हा आला तेव्हा डॉक्टर होते. आम्ही दोघं गेलो. मला घड्याळ काढायची गरज पडली नाही. त्यांचे श्वास लांबून ऐकू येत होते. रावसाहेबांनी डॉक्टरांना ओळखलं नाही, मला तर नाहीच. मी पोटीस बांधलं, हात चालत होते म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं.  नळी पुसता पुसता ते म्हणाले, "आदल्या दिवशी कळलं असतं तरी ते वाचले असते, असं मी सांगू शकत नाही. वाचले नसते, असंही सांगू शकत नाही." मग त्यांनी सांगितलं की यापुढं साठीच्या पुढच्या माणसाला पडसं झाल्याचा निरोप आला तर बाटली मागाहून, आधी घरी जाऊन श्वास मोजायचे. पुढं नोकरी सुटेपर्यंत मी ते केलं. पेठेत मला श्वासमोज्या म्हणायला लागले. काही म्हाताऱ्यांनी घड्याळ बघून मला हाकलून दिलं. मी ओट्यावरून मोजले.

तेरावं झाल्यावर मी रावसाहेबांच्या घरी गेलो. जाणं भाग होतं. त्यांच्या पत्नी काशीबाई आतल्या दाराशी बसल्या होत्या. त्या दरवाज्यातूनच मला हाकलतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं.

मग त्या म्हणाल्या, "आप्पांच्या घरून आले ना, तेव्हा फार चिडले होते. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मग आपणहून म्हणाले, त्या कंपौंडरचं खरं होतं, माझ्यामुळं बसलिंगाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं. माझं काही बिघडलं तर दारात तोच माणूस बसवा म्हणाले. म्हणून आम्ही तुम्हाला बोलावलं होतं. तुम्हाला यायला जमलं नाही का त्या दिवशी?"

मी म्हणालो, "दवाखान्यात फार गर्दी होती, बाई."

त्यांनी मान हलवली. गर्दीत माणूस काय करणार, म्हणाल्या.

गर्दी नव्हती. बाकावर दोन माणसं होती, आणि सखाराम पायऱ्या उतरतो न उतरतो तोच मी त्यांना रावसाहेबांची शिंक करून दाखवली.